आकाशपाळणा पहिल्या तासाला

६ एप्रिल, शनिवार

पुढच्या वर्षाचं शाळेचं वेळापत्रक आज हातावेगळं केलं. कुणालाही लागोपाठ चार तास नाहीत, प्रयोगशाळेत दोन वर्ग एकमेकांच्या उरावर बसलेले नाहीत, आणि खेळाच्या सरांना जेवणानंतरचा तास दिलेला नाही, नाहीतर ते मुलांना पळायला लावून स्वतः झाडाखाली घोरतात. मुख्याध्यापकांनी नुसती मान हलवली. हे काम वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते गळ्यातून काढायचंही नाहीये. भूगोल कुणीही शिकवील. वेळापत्रक मांडायला डोकं लागतं.

दुपारी अक्काचा फोन आला. माझी थोरली बहीण कधी हवापाण्याच्या गप्पा मारत नाही. आज मारल्या, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. भावजींना परदेशात काम मिळालंय, उंच इमारतींना लिफ्ट बसवायचं, हे ठाऊक होतं. ते एकटेच जाणार, आणि पुन्हा या घरात राहायला येणार नाहीत, हे आज कळलं. दोघांनी मिळून ठरवलंय म्हणे.

“भांडण नाही रे, तंटा नाही. आता पुरे, एवढंच,” अक्का म्हणाली.

त्यातलं मला काय कळणार? मी लग्नाच्या भानगडीतच पडलेलो नाही.

“तेवीस तारखेला, मंगळवारी त्याचं विमान आहे. सोमवारपासून सामान हलेल, कपाटं निघतील. मुलींनी ते बघायला नको. विमानतळाच्या पलीकडे ते थीम पार्क आहे ना, तिथं त्यांना तीन दिवस घेऊन जा.”

“त्यांना सांगितलंयस काय?”

“काहीच नाही. परत आल्या की सांगीन, सावकाश, जवळ घेऊन. विमानतळावर रडारड झाली तर मला नाही झेपणार. तू फक्त त्यांना गुंतवून ठेव. रिकामं बसू देऊ नकोस. ठकी फार विचार करते.”

ठकी म्हणजे मोठी भाची, बारा वर्षांची. तान्ही असताना लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून टकामका बघायची, म्हणून मी ठकी म्हणायला लागलो. धाकटी सहा वर्षांची. ती एका जागी कधी बसलेलीच नाही, म्हणून भिंगरी.

“गुंतवून ठेवायचंय ना? मग बरोबर माणसाला फोन केलास,” मी म्हणालो. अक्काने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर दोनदाच. पहिल्यांदा माझी सायकल.

मुलींपासून लपवणं बरं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. पण ठरवायचं मला नाहीच आहे.


९ एप्रिल, मंगळवार

पार्कचा नकाशा छापून जेवणाच्या टेबलावर चिकटवला. त्यामुळे मी स्वतः ओट्याशी उभा राहून जेवतो आहे.

लोक अशा ठिकाणी जाऊन काय करतात ते मी ओळखून आहे. दारातून आत शिरले की समोर दिसेल त्या राइडच्या रांगेत उभे राहतात. मग मूल म्हणतं भूक लागली, म्हणून दुसऱ्या टोकाला जातात, तिथून परत येतात, आणि संध्याकाळी पाय सुजले म्हणून एकमेकांवर खेकसतात. मी दिवसाचे आठ तास पाडले आहेत, शाळेसारखे. मध्ये एक मोठी सुट्टी. भिंगरीची झोप चौथ्या तासानंतर. पाण्याच्या राइड शेवटी, म्हणजे ओल्या कपड्यांनी भूतबंगल्यात शिंकायला नको. आणि आकाशपाळणा पहिल्या तासाला. तो सगळ्यात उंच, सगळ्यांना हवा असतो, संध्याकाळी त्याची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढते. सकाळी तिथं चिटपाखरू नसतं.

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाईंनी माझा तक्ता पाहिला. त्या कुठल्याही कागदाकडे आधी मान तिरकी करून बघतात.

“सर, यात मोकळा तास कुठाय?”

“मोकळा तास कशाला? मोकळ्या तासाला वर्गात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे ना. माझ्या तासाला मुलं जी चित्रं काढतात, ती सगळी त्यांना मोकळ्या तासाला सुचलेली असतात.”

मी हसून सोडून दिलं. बाईंना खरं कारण कुठे सांगत बसू? मोकळ्या वेळेत मूल प्रश्न विचारतं. आणि ठकीने सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “मामा, घरी काय चाललंय?” तर मला खोटं बोलता येत नाही. माझे कान लाल होतात. म्हणून तक्त्यात बोट शिरेल एवढीही फट ठेवलेली नाही.


१४ एप्रिल, रविवार

वेळापत्रक घेऊन अक्काकडे गेलो. घर जसंच्या तसं होतं, पण भिंतीवरचं मोठं घड्याळ दिसलं नाही. भावजी गॅलरीत बसून भिंगरीच्या सायकलीच्या साखळीला तेल देत होते. मला पाहून म्हणाले, “ये रे, भावा.” ते मला नेहमीच असं म्हणतात. आज ते ऐकायला नको वाटलं.

मुलींना जमिनीवर बसवून तक्ता उलगडला. भिंगरीने प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून “यात मी बसणार?” असं विचारून घेतलं. ठकी सगळं वाचत होती. मग म्हणाली, “मामा, आकाशपाळणा मंगळवारी शेवटच्या तासाला घेऊ या ना.”

“मंगळवारी आहेच की. पहिल्या तासाला.”

“शेवटच्या घेऊ या. मला संध्याकाळचं बघायचंय वरून.”

मी तिला नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी रांगेत उभं राहण्यात दोन राइड बुडतात. शिवाय पाण्यातली होडी शेवटी ठेवली नाही तर दिवसभर ओलं फिरावं लागेल. एक चौकोन हलवला की त्याच्यामागे पाच हलतात, हे कुणालाच कळत नाही. शाळेतल्या शिक्षकांना नाही कळत, तर ती लहान पोर. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष गॅलरीकडे होतं.

तिकडून भावजी हात पुसत आले. “बघ ना रे, जमत असेल तर,” एवढंच म्हणाले.

मला जरा रागच आला. अहो, तुम्ही घर सोडून चालला आहात, आणि माझ्या वेळापत्रकात ढवळाढवळ? तोंडाने मात्र “बघतो” म्हणालो. माझ्या “बघतो”चा अर्थ शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

निघताना अक्काने दाराशी माझा हात दाबला. “त्यांना काही कळलेलं दिसत नाही ना?” असं हळूच विचारलं. मी म्हणालो, अजिबात नाही.


२२ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. पार्कजवळच्या हॉटेलात खोली घेतली आहे, मुली आंघोळीला गेल्यात तेवढ्यात लिहितो आहे. आठही तास ठरल्याप्रमाणे झाले.

सकाळी टॅक्सी घेऊन त्यांना आणायला गेलो. भावजी दारात बसून भिंगरीच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी मीच म्हणालो, “भावजी, पहिला तास चुकेल.” तेव्हा उठले. ठकीला जवळ घेतलं नाही, नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनेही “येते बाबा” म्हटलं, जसं रोज शाळेला जाताना म्हणते तसं. मला हायसं वाटलं. काही कळलेलं नाही याचा हाच पुरावा.

ठकीने मात्र एक वेडेपणा केला. भावजींचं कामावरचं पिवळं जाकीट घालून आली. लिफ्टच्या विहिरीत उतरणारी माणसं घालतात ना, लांबून नजरेत भरणारं, चमकत्या पट्ट्यांचं. तिच्या गुडघ्यापर्यंत येतं. एवढ्या उन्हात! मी म्हटलं, काढ, उकडेल. म्हणाली, “राहू दे.” पार्कात सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. एका बाईने तर तिला पार्कची नोकर समजून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं, आणि तिने शांतपणे दाखवलं.

भिंगरीने दुसऱ्या तासाला नाटक केलं. मोठ्या रोलर कोस्टरच्या दारात लाकडी अस्वल उभं आहे, त्याच्या पंजापेक्षा उंची कमी असेल तर आत सोडत नाहीत. भिंगरी दोन बोटं कमी भरली. टाचा वर केल्या, केस फुगवले, शेवटी अस्वलालाच चापट मारली. दाराशी उभा असलेला मनुष्य हसून हसून वाकला. तिला मी लगेच पुढच्या घोड्यांवर बसवलं. रडायला तिला वेळच मिळाला नाही.

चौथ्या तासानंतर भिंगरी बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ठकी शेजारी बसली होती. जरा वेळाने म्हणाली, “मामा, आई लहान असताना रडायची का रे?”

माझे कान तापले. “तुझी आई? मलाच रडवायची,” असं काहीतरी बोललो आणि घड्याळात बघितलं. पाचवा तास जरा आधीच सुरू केला. भिंगरीला झोपेतून उठवावं लागलं.

संध्याकाळी परतताना ठकीने पुन्हा पाळण्याचं काढलं. “उद्या शेवटच्या तासाला नाहीच का जमणार?” मी म्हणालो, “अगं, सकाळी घेऊ, दोनदा घेऊ हवं तर.” शहाणी पोर आहे, समजावलं की ऐकते.


२३ एप्रिल, मंगळवार, दुपारी

मोठ्या सुट्टीत, सँडविचच्या दुकानासमोरच्या बाकावरून.

आकाशपाळणा उत्तम झाला. मी म्हटलं तसंच, रांग नावालाही नाही. दोनदा म्हणालो होतो, तीनदा बसलो. वरून सगळं पार्क माझ्या नकाशासारखं दिसलं. पलीकडे विमानतळाची धावपट्टीही दिसते. भिंगरीने थुंकी खाली पडायला किती वेळ लागतो ते करून पाहिलं, तेवढं मी पाहिलं नाही असं दाखवलं. ठकी दांडीला हनुवटी टेकवून बसली होती. उतरल्यावर पाळणा चालवणाऱ्या बाईंना तिने विचारलं, “विमानं इथून जात नाहीत का?”

“सकाळी तिकडून जातात, बेटा. संध्याकाळी वारा फिरतो ना, मग बरोब्बर आपल्या डोक्यावरून,” बाई म्हणाल्या.

हिला विमानांचं वेड कधीपासून लागलं कुणास ठाऊक. भूगोलाच्या तासाला बरं आहे.

आत्ता भावजींचा फोन आला. मुली समोरच बसून खात होत्या, भिंगरीच्या नाकाला सॉस लागला होता. मी उठून जरा लांब गेलो.

“मुली आहेत का जवळ?”

“घसरगुंडीवर आहेत,” मी म्हणालो. फोनवर कान दिसत नाहीत हे एक बरं असतं. पण काय करणार? त्यांचा आवाज ऐकून पोरींना काही कळलं असतं तर? आणि भावजींचा आवाज चांगला नव्हता.

“बरं. असू दे. संध्याकाळी पार्कातून लवकर निघू नका हं.”

“आठवा तास पुरा केल्याशिवाय हलत नाही,” मी म्हणालो. ते हसले. थँक यू म्हणाले. मला उगीचच अपराधी वाटलं.

परत आलो तर ठकीने विचारलं, “कोण होतं?” मी म्हणालो, शाळेतून.


२३ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी

आज घोड्याने पेंड खाल्ली, तीही अगदी शेवटच्या तासाला.

होडीच्या रांगेत जाण्याआधी फोन, घड्याळ, पाकीट, सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. मी लॉकरला कुलूप लावलं आणि ठकी म्हणाली, “मामा, तुम्ही दोघं होडीत जा. मी पाळण्यावर जाते.”

“एकटी?”

“मग तिघं जाऊ. आत्ता. प्लीज मामा.”

मी म्हणालो, पाळणा सकाळी झालाय, तीनदा झालाय. ती म्हणाली, आत्ताच हवाय. का हवाय ते सांगेना. नुसती ओठ चावत उभी. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेत, एकाचा हट्ट पुरवला की दहा जण हात वर करतात हे मला पाठ आहे. शिवाय पाळण्याची रांग तिथूनही दिसत होती, पार तिकीटखिडकीपर्यंत. “वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक,” मी म्हणालो. हे वाक्य मी शाळेत हसण्यावारी म्हणतो. आज हसून म्हणालो नाही.

ती आमच्यासोबत रांगेत आली. रांग पत्र्याच्या छपराखालून नागमोडी जाते, दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या. आम्ही निम्म्यावर पोचलो असू, तेवढ्यात वरून विमानाचा आवाज आला. पत्रा थरथरला. ठकीने आधी वर बघितलं, वर पत्रा. आणि मग ती सुटलीच. दांड्यांखालून वाकून, माणसांच्या पायांमधून, एका मुलाचं आइस्क्रीम पाडून, बाहेर मोकळ्यात. मी तिच्यामागे, भिंगरीला काखोटीला मारून. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती फरसबंदीवर एकटी उभी होती. ते पिवळं जाकीट काढून हातात धरलं होतं आणि डोक्यावर गरागरा फिरवत होती. विमान केव्हाच झाडांपलीकडे गेलं होतं, तरी फिरवत होती.

मी तिला चारचौघांत रागावलो. असं हरवली असतीस तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? ज्याचं आइस्क्रीम पाडलंस त्याच्या आईची माफी कुणी मागायची? बारा वर्षांची घोडी झालीस! तोंडाला येईल ते बोललो. भिंगरी माझ्या काखेतून घसरली, जाऊन बहिणीच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. दमली होती. आज तिची झोप नीट झालेली नाही.

होडी राहिलीच. खोलीवर आलो. ठकी न जेवता झोपायला गेली, जाकीट उशीखाली घेऊन. या वयात मुली लहरी होतात असं ऐकून आहे. तरी रागावण्यात माझा जरा तोल गेला, हे इथं लिहून ठेवतो.


२४ एप्रिल, बुधवार

कसं लिहू ते कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मुली खाली न्याहारीला गेल्या होत्या. मी बूट घालत होतो, तेव्हा फोनवर भावजींचा निरोप आलेला दिसला. तो जसाच्या तसा असा:

“पोचलो रे, भावा. विमान पार्कावरूनच गेलं. खिडकी मिळाली होती. पाळणा अगदी स्वच्छ दिसला, एकेक डबा दिसला, पण पिवळं जाकीट कुठल्याच डब्यात दिसलं नाही. माझीच नजर कमी पडली असेल. ठकीला मात्र सांग, दिसली म्हणून. दोघी दिसल्या, भिंगरी दोन्ही हात हलवत होती. तेवढं माझ्यासाठी कर.”

मी एका पायात बूट घालून पलंगावर बसून राहिलो. चौदा तारीख, गॅलरी, तेलाचे हात, “बघ ना रे, जमत असेल तर.” सगळं समोर होतं. अति शहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणाने या पोरीच्या हातातून तिच्या बापाचा निरोप काढून घेतला, आणि कशासाठी, तर रांग नको म्हणून. वर तिलाच घोडी म्हणालो.

खाली गेलो. भिंगरी दुधात बिस्किटं बुडवत होती. ठकी खिडकीतून बाहेर बघत होती. मी बसलो आणि सांगितलं त्याप्रमाणे बोललो, “बाबांचा निरोप आलाय. विमानातून तुम्ही दोघी दिसलात म्हणे. पाळण्यात. भिंगरी दोन्ही हात हलवत होती.”

ठकीने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कानांकडे.

“मामा, आपण पाळण्यात नव्हतो.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मग त्यांनी कुणाला बघितलं?” भिंगरीने विचारलं.

“आपल्यालाच,” ठकी लगेच म्हणाली. “मी बाहेर उभी होते ना जाकीट घेऊन? तिथं दिसले असू. वरून सगळं जवळजवळच वाटतं.” भिंगरीला ते पटलं. ती परत बिस्किटाकडे वळली.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“तू वेळापत्रक दाखवायला आलास, त्याच्या आधीच. बाबा आम्हाला खाली घेऊन चालले होते. त्यांनी दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवली आणि सांगितलं. सगळं. घरी सांगता आलं नसतं, आई होती. पाळण्याचं आणि जाकिटाचं तेव्हाच ठरलं.”

“बाबा रडले,” भिंगरी म्हणाली. “मग लिफ्ट सुरूच होईना. मग झाली.”

“अगं, मग मला का नाही सांगितलंस? पाळण्याचं कारण सांगितलं असतंस तर मी...”

“तू आईला सांगितलं असतंस. आईला वाटतंय आम्हाला माहीत नाही. तिला तेवढंच बरं वाटत होतं.” मग म्हणाली, “आणि तू एवढं मेहनतीने केलं होतंस ते. आम्हाला गुंतवून ठेवायला.”

माझ्याने तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, “चुकलो गं. फार चुकलो.” एवढ्या वर्षांत मी कुठल्या मुलाला असं म्हटलेलं नाही. शाळेत तशी पद्धत नाही. ती म्हणाली, “असू दे रे,” आणि माझ्या चहात तिच्या पुढ्यातली साखर घातली. ती अक्काची सवय आहे.

मग ती आणखी एक गोष्ट बोलली. “बाबांना कळव, मलाही ते दिसले म्हणून. खिडकीत. हात हलवताना.”

“दिसले होते का?”

“तू कळव ना, मामा.”

मी तिथंच बसून कळवलं. बापाने लेकीला सांगायला दिलेलं खोटं, आणि लेकीने बापाला सांगायला दिलेलं. माझ्या अंगठ्याला ते सगळं लिहायला फार वेळ लागला. त्या दोघांत मी नसतो तर एकालाही खोटं बोलावं लागलं नसतं.

तिसऱ्या दिवसाचा तक्ता खिशात होता. बाहेर काढला नाही. कुठं जायचं ते भिंगरीला विचारलं. तिने अर्धा दिवस अस्वलाशेजारी काढला, येणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची मोजायला. दारावरच्या माणसाने तिला स्वतःची शिट्टी दिली. ठकी आणि मी जवळच्या पायरीवर बसून होतो. तिने बरंच काही विचारलं. आई आता एकटी झोपेल का, सुट्टीत बाबांकडे कोण सोडणार, घड्याळ कुणी नेलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणालो. एवढंच तर होतं. मी तीन आठवडे याच पायरीला भीत होतो.

मध्येच भिंगरी धावत आली. “ताई, आई उद्या सांगेल ना, तेव्हा मी रडायचं का?”

“थोडंसं,” ठकी म्हणाली. “जास्त नाही. मग तिला वाईट वाटेल.”

“आणि तू?”

“मी तिच्याशेजारी बसेन.”

भिंगरीने मान डोलावली आणि शिट्टी वाजवत परत अस्वलाकडे गेली.

संध्याकाळी पाळण्याच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. वरातीमागून घोडं, पण ठकीच म्हणाली, जाऊ या. रांग मी सांगितली होती तेवढीच लांब होती. रांगेत काही विशेष वाईट वाटलं नाही. भिंगरीने पुढच्या आजोबांना अस्वलाची गोष्ट सांगितली, मागच्यांनाही सांगितली. आम्ही वरच्या टोकाला होतो तेव्हा रोजचं विमान आलं.

ते किती खालून जातं याची मला कल्पना नव्हती. पोटावरचे रंगाचे पट्टे दिसले. खिडक्या दिसल्या, एकेक, वेगळी. एका खिडकीत कुणीतरी कपाळ टेकवून बसलं होतं, पुरुष की बाई ते कळलं नाही, पण कपाळ होतं. काल हे पिवळं जाकीट इथं असतं तर दिसलंच असतं, नजर कितीही कमी असो.

भिंगरी दोन्ही हात हलवत ओरडायला लागली. “अगं वेडे, बाबा कालच गेले,” ठकी म्हणाली. मग तिनेही हात वर केला. विमान जाईपर्यंत वरच ठेवला. आम्ही खाली यायला लागलो तसं तिने जाकीट अंगातून काढलं आणि घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, उकडतंय.


२६ एप्रिल, शुक्रवार

अक्काचा फोन आला. काल मुलींना सांगितलं म्हणाली. “मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. पण किती समजूतदारपणे घेतलं रे! भिंगरी थोडीशीच रडली. ठकी माझ्याशेजारी येऊन बसली, हात धरून. तू त्यांचं मन रमवलंस म्हणूनच हे इतकं सोपं गेलं. तुझे उपकार कसे फेडू?”

मी म्हणालो, उपकार कसले. अक्काला काहीही सांगितलं नाही. ते पोरींचं आहे. टेबलावर अजून नकाशा चिकटलेला आहे.

शाळेत चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, “काय सर, कसं झालं?”

“एक होडी सोडली तर सगळं वेळेवर झालं,” मी म्हणालो.

त्यांचा पुतण्या पुढच्या महिन्यात बायकोमुलांना घेऊन तिकडेच जाणार आहे. तुमचा तक्ता द्या म्हणाल्या, एवढी मेहनत वाया कशाला जायची. मी खणातून काढला. देता देता थांबलो, पेन घेतलं, मंगळवारच्या पहिल्या तासातला आकाशपाळणा खोडला आणि शेवटच्या तासात लिहिला. होडी काढून टाकली.

बाईंनी मान तिरकी करून बघितलं. “पण संध्याकाळी त्याला फार रांग असते म्हणालात ना?”

“असते,” मी म्हणालो. “उभं राहायला सांगा.”